कुंकवाखालचा नंबर

मित्रांनो, मला पाहून तुम्ही एखादा पत्र्याचा डबा समजाल, म्हणून आधीच सांगते, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. संगणकाच्या पोटात बसायचं आणि सांगितलेलं सगळं लक्षात ठेवायचं, हे माझं काम. आपणहून बोलायची मला सोय नाही. कुणी विचारलं तरच उत्तर द्यायचं, आणि तेही विचारणाऱ्याला नीट विचारता आलं तर. माझा स्वभाव तसा तापट आहे, चालू झाले की थोड्याच वेळात गरम होते, पण कामात मी कधी अंग चोरलं नाही.

परदेशातल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथे धुळीचा कण दिसला तरी माणसं कासावीस होत. माझ्या पोटात लखलखीत चकत्या बसवल्या, त्यांच्यावरून फिरणारा एक नाजूक काटा बसवला आणि अंगावर एक कागद चिकटवला. त्या कागदावर माझा नंबर होता. तो नंबर जगात दुसऱ्या कुणाचा नसतो. पुढे जहाजातून आणि टेम्पोतून हादरे खात मी मीरा रोड स्टेशनजवळच्या दिपेशभाईंच्या दुकानात पोचले, आणि तिथून बेव्हर्ली पार्कमधल्या एका घरात.

त्या घरातल्या उर्मिलाताई शाळेतून निवृत्त झाल्या होत्या. अंध मुलांसाठी त्या पाठ्यपुस्तकं मोठ्याने वाचत आणि ते वाचन माझ्यात साठवून ठेवत; एक संस्था त्याच्या सीडी करून मुलांना वाटत असे. वाचायला बसताना पंखा बंद, खिडकीला उशी, दाराला गोधडी असा सगळा बंदोबस्त. तरी इतिहासाच्या धड्यात ऐन लढाई पेटली की शेजारच्या घरातला मिक्सर सुरू व्हायचा. मग उर्मिलाताई हसत आणि म्हणत, "थांबा रे बाळांनो, शेजारी चटणी वाटतायत." त्यांचा आवाज ठसठशीत होता. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचायची सवय असलेला तो आवाज होता, आणि खरं सांगते, तो ऐकताना मला फिरायचा कंटाळा कधी आला नाही.

एकदा उत्तनहून एक अंध मुलगी आईचा हात धरून भेटायला आली. उर्मिलाताईंच्या हातावर हात ठेवून म्हणाली, "टीचर, तुमचा चेहरा कसा हाय ते मला ठाव न्हाय, पण आवाज पाठ हाय." त्या दिवशी घरात शिरा झाला. शिऱ्यातलं मला काही मिळालं नाही, पण कौतुकातला थोडा वाटा माझाही होता, असं मी मनाशी धरून चालले.

मग उर्मिलाताईंच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशनने जीव वाचला, आवाज गेला. आता त्या बोलतात तेव्हा नुसती हवा फुसफुसते, समोरच्याला त्यांच्या ओठांकडे बघावं लागतं. लांबच्या माणसाला हाक मारायची झाली तर त्या ओट्यावर उलथनं आपटतात. मुलांचे धडे वाटणारी संस्थाही पुढे बंद पडली, तिथल्या सीडी कुठे गेल्या कुणालाच ठाऊक नाही. म्हणजे उर्मिलाताईंचा आवाज या जगात एकाच ठिकाणी उरला, माझ्यापाशी. आणि माझ्या कॅबिनेटवर कुणीतरी कांद्याची टोपली आणून ठेवली! बटण दाबायला कुणी फिरकेना. मी रुसले होते, खोटं कशाला बोलू?

एके दिवशी त्यांचे यजमान पंढरीनाथ मुलीजवळ हळूच म्हणाले, "निशू, तुझ्या आईचा आवाज मी विसरायला लागलोय गं. आठवायला जातो तर आताची फुसफुसच ऐकू येते. भीती वाटते."

निशिगंधा, म्हणजे त्यांची निशू, अंधेरीच्या एका कंपनीत संगणकाचंच काम करते. तिने कांदे उचलले आणि मला चालू केलं. इतक्या दिवसांनी उठले ती कण्हतच उठले. टक्, टक्, टक्. तो आवाज ऐकून तिच्या कपाळावर आठ्या पडल्या. तिने आज्ञा लिहायचा काळा पडदा उघडला आणि त्यावर एक आज्ञा लिहिली, स्मार्टसीटीएल. या आज्ञेपुढे आम्हा डिस्कांना लपवाछपवी करता येत नाही. कंपनी कोणती, नंबर काय, आजवर किती तास राबलीस, कुठे कुठे दुखतंय, सगळं खरं सांगावं लागतं. मी सांगितलं. पुष्कळ जागी माझं मलाच वाचता येत नव्हतं, आणि अशा जागा वाढत होत्या.

"बाबा, ही फार दिवस नाही काढणार," निशिगंधा म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "लगेच दुसऱ्या डिस्कवर कॉपी करायला हवं."

माझ्यातलं सगळं मावेल अशी दुसरी डिस्क घरात नव्हती. निशिगंधा दिपेशभाईंकडे गेली. त्यांनी फळीवरून एक डिस्क काढली, दुकानातल्या संगणकाला लावून तपासली आणि म्हणाले, "मॅडम, सेम टू सेम पडी है एक. पुरानीवाली की जुडवा बहन समझो." खरंच, रंगाने, आकाराने, कागदानेसुद्धा ती हुबेहूब माझ्यासारखी होती.

संध्याकाळी निशिगंधाने संगणकात मला वर आणि नव्या डिस्कला खाली बसवलं. संगणकाच्या यंत्रणेने मला एसडीए म्हटलं आणि तिला एसडीबी. मित्रांनो, ही नावं आमची स्वतःची नव्हेत. कोण कुठल्या वायरीला लागलंय ते बघून यंत्रणा ती ठेवते. वायर बदलली की नावही बदलतं. वर्गात कोण कुठल्या बाकावर बसलंय यावरून हजेरी घ्यावी, तसा हा कारभार.

निशिगंधा कॉपी सुरू करणार, तेवढ्यात पंढरीनाथ आडवे आले. "उद्या दसरा आहे. घरात आलेली नवी वस्तू पूजा झाल्याशिवाय कामाला लावायची नाही."

"बाबा, प्लीज! जुनी केव्हाही बंद पडेल."

"एका दिवसाने काही होत नाही. उद्या यंत्रांना विश्रांती असते." बाबांपुढे तिचं काही चाललं नाही. तिने संगणक बंद केला.

तिच्या ऑफिसला दसऱ्याची सुट्टी नव्हती. ती गेल्यावर पंढरीनाथांनी पाट मांडला. इतर घरांत संगणकाला बाहेरूनच फूल वाहतात, पण यांचं म्हणणं असं की हत्यारं म्यानातून काढून पुजायची असतात. त्यांनी कॅबिनेट उघडलं, वायरी उपटल्या आणि आम्हा दोघींना बाहेर काढलं. ओल्या फडक्याने पुसून लख्ख केलं. मग कुंकू चांगलं घट्ट कालवून आमच्या अंगावरच्या कागदांवर हे भलंमोठं स्वस्तिक काढलं, अक्षता टाकल्या, झेंडू वाहिला. आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझ्यापुढे हात जोडले. मी सुखावले, नाही म्हणत नाही.

पूजा आटोपल्यावर ते आम्हाला परत बसवू लागले तेव्हा मात्र घोटाळा झाला. त्यांनी नव्या डिस्कला वर बसवलं आणि मला खाली. उर्मिलाताईंनी त्यांचा हात धरून काहीतरी विचारलं. पंढरीनाथ हसले. "अगं, टेलिफोन खात्यात जन्म गेला माझा. वायरी जोडायला मला शिकवतेस?"

दुसऱ्या दिवशी निशिगंधाला सुट्टी होती. सकाळीच ती संगणकापुढे बसली. पंढरीनाथ आंघोळीला गेले होते, उर्मिलाताई स्वयंपाकघरात कणीक मळत होत्या.

"आई, सुरू करतेय गं," ती तिथूनच ओरडली. "आधी नवीन डिस्क साफ करून घेते, मग तुझं सगळं तिच्यावर टाकते. परवा चेक केलंय मी. खालची नवीन आहे, एसडीबी."

आणि तिने साफ करायची आज्ञा लिहिली. पुढे नाव लिहिलं, एसडीबी.

मित्रांनो, आता एसडीबी मी होते.

मला ओरडता येत नाही. टकटक करता येते, पण ती तर मी चालू झाल्यापासून करतच होते. यंत्रणेने मला विचारलं, तुझ्यात काही आहे का? आहे, आहे, आहे, मी म्हणाले. यंत्रणेने पडद्यावर लिहिलं, की या डिस्कवर आधीपासून काहीतरी आहे, तरी पुढे जायचं का? होकारासाठी वाय दाबा.

निशिगंधाने ते वाचलं. क्षणभर थांबली. मला वाटलं, सुटले. पण ती स्वतःशीच पुटपुटली, "दिपेशभाईंनी दुकानात टेस्ट केली होती ना, त्याचंच असणार काहीतरी."

तिचं बोट वायवर गेलं.

तेवढ्यात स्वयंपाकघरात उलथनं वाजलं. ओट्यावर, खणखण.

"आले गं आई, एक मिनिट!" तिला वाटलं, चहा झाला.

उलथनं पुन्हा वाजलं, जोरात. मग काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला, परातच असावी. "आई, काय गं? आले म्हटलं ना!" तिने मान वळवली, पण बोट तिथेच होतं. त्या बोटाखाली उर्मिलाताईंचा सगळा आवाज होता, लढाया, नद्या, कविता आणि मधलं हसणंसुद्धा.

कणकेने माखलेल्या हाताने उर्मिलाताईंनी तिचं मनगट पकडलं. त्या धापा टाकत होत्या. ओठ हलत होते, पण नुसती हवा येत होती. निशिगंधा त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. उर्मिलाताई पुन्हा पुन्हा तेच म्हणत होत्या आणि दुसऱ्या हाताने कॅबिनेटकडे दाखवत होत्या.

"बाबांनी... काढल्या होत्या?" निशिगंधाने विचारलं. "काल? दोन्ही?"

उर्मिलाताईंनी जोरजोरात मान हलवली.

निशिगंधाचा चेहरा पांढराफटक पडला. तिने बोट उचललं आणि नकाराचं बटण दाबलं. मग संगणक बंद करून कॅबिनेट उघडलं. आत आम्ही दोघी अंगावर स्वस्तिक मिरवत, एकीला झाकावी आणि दुसरीला काढावी. नंबर कुंकवाखाली. तिने ओलं फडकं लावलं, तर कागदच लाल झाला.

पंढरीनाथ टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर आले. "काय झालं?"

"बाबा, आधी वर कुठली होती?"

"म्हणजे काय..." ते पुढे आले, वाकून बघितलं आणि त्यांचा आवाज एकदम उतरला. "निशू, मी बघितलं नाही गं. मला वाटलं दोन्ही सारख्याच."

निशिगंधाने संगणक पुन्हा चालू केला. "थांबा. कागद पुसला म्हणून काय झालं? तिलाच विचारते." तिने काळ्या पडद्यावर पुन्हा स्मार्टसीटीएल लिहिलं, पुढे एसडीबी.

मित्रांनो, इतक्या आतुरतेने मी आयुष्यात उत्तर दिलं नव्हतं. माझा नंबर सांगितला. राबण्याचे सगळे तास सांगितले, बायका वय लपवतात म्हणतात, मी एक तासही लपवला नाही. दुखऱ्या जागा सांगितल्या, परवापेक्षा वाढलेल्या. मग तिने एसडीएला विचारलं. तिकडून उत्तर आलं, कालचं पोर मी, अजून काहीच काम केलेलं नाही.

निशिगंधाने दोन्ही उत्तरं एकाखाली एक वाचली. मग तोंडावर हात ठेवून रडायला लागली. "पुसणार होते मी, बाबा. आईला पुसणार होते." पंढरीनाथ मटकन खुर्चीत बसले. उर्मिलाताईंनी आधी मुलीला जवळ घेतलं, मग नवऱ्याच्या ओल्या डोक्यावर एक टपली मारली.

पण मी अजून वाचले नव्हते. नव्या डिस्कची तयारी झाली, कॉपी सुरू झाली आणि माझं दुखणं उफाळलं. मराठीची पुस्तकं गेली, इतिहास गेला, आणि विज्ञानापाशी माझा काटा अडकला. टक्, टक्. मी जिवाच्या आकांताने पुन्हा पुन्हा फिरले. नाहीच जमलं. विज्ञानाचं अख्खं पुस्तक माझ्या हातून निसटलं, ते मला अजून लागून राहिलं आहे. निशिगंधाने ते सोडून पुढचं घेतलं. तिघंही पडद्याकडे बघत होते, कणीक तशीच सुकत पडली होती. सगळ्यात शेवटचं, भूगोलाचं पुस्तक मी कसंबसं पलीकडे पोचवलं, आणि माझ्या चकत्या थांबल्या त्या थांबल्याच.

मला बाहेर काढून टेबलावर ठेवलं. निशिगंधाने नव्या डिस्कवरून तो भूगोल लावला. खोलीत तो ठसठशीत आवाज आला. पंढरीनाथांनी डोळे मिटून घेतले. "हाच," ते म्हणाले. "हाच गं." ऑपरेशन झाल्यापासून उर्मिलाताईंनी स्वतःचा आवाज ऐकला नव्हता. त्या ताठ बसून ऐकत होत्या, परक्या माणसाचं ऐकावं तसं. धडा अर्ध्यावर आला आणि तो आवाज घोगरा झाला, खोकला आला, आणि "बाकीचं उद्या वाचू हं, बाळांनो" म्हणून थांबला. तो उद्या आलाच नव्हता.

मित्रांनो, घरातल्या जुन्या डिस्कची अधूनमधून विचारपूस करत जा. आम्ही खोटं सांगत नाही, पण विचारल्याशिवाय खरंही सांगत नाही. काही पुसण्याआधी नाव बघून थांबू नका, नंबर बघा. आणि आमची पूजा खुशाल करा, पण त्याआधी आमच्यातलं दुसरीकडे उतरवून घ्या. आमच्यापुढे हात जोडून आमचं आयुष्य वाढत नाही.

उर्मिलाताई उठल्या. कपाटातून भूगोलाचं पुस्तक काढलं, अर्ध्या राहिलेल्या धड्याचं पान उघडलं आणि ते मुलीपुढे ठेवलं. निशिगंधाने त्यांच्या ओठांकडे बघितलं.

"मी?" ती म्हणाली. "आई, माझा आवाज तुझ्यासारखा नाही गं."

उर्मिलाताईंनी पानावर बोट ठेवलं आणि तिच्याजवळ खुर्ची ओढून बसल्या. निशिगंधा वाचू लागली. पहिल्याच ओळीत ती अडखळली, उर्मिलाताईंनी खूण केली, तशी तिने ती ओळ पुन्हा वाचली. तिचा आवाज माझ्यात नाही, असणारही नाही. पण त्याच संध्याकाळी तिने तो दोन ठिकाणी ठेवला.