हार्लन टिब्स बोटांवर मोजायचा

चर्चच्या सणाच्या स्मरणिकेसाठी मॉरिस परेरा यांनी यंदा एक पानभर लेख दिला होता. विषय होता हार्लन टिब्स. काऊबॉयच्या जुन्या चित्रपटांत खलनायकाच्या मागून जो तिसरा घोडा येतो, त्यावर बसलेला नट. एकतीस चित्रपट, त्यांत अठ्ठावीस मृत्यू. पोस्टरवर नाव एकदाही नाही. मॉरिसनी त्याला चौदाव्या वर्षी ठाण्यातल्या एका थिएटरात मॅटिनीला पाहिलं. आता ते अडुसष्ट वर्षांचे आहेत आणि मिळतील तेवढ्या टिब्सच्या डिस्क त्यांच्या कपाटात आहेत.

लेखातला मुद्दा एकच होता. टिब्स मोजायचा. पडद्याच्या मध्यावर नायक गोळ्या झाडत असतो, तेव्हा कोपऱ्यात पिंपामागे बसलेला टिब्स अंगठा एकेका बोटावर टेकवत जातो. सहा झाल्या, म्हणजे रिव्हॉल्वर रिकामं झालं, की उठतो. हे त्याला कोणी सांगितलेलं नसणार, कारण कॅमेरा तिकडे वळतच नाही. ‘बाकीचे मरायचं असतं म्हणून उठतात,’ मॉरिसनी लिहिलं होतं. ‘टिब्स विचार करून उठतो. कथेत लिहिलेलं असतं म्हणून मरतो, ते वेगळं.’

प्रूफ त्यांचा भाचा ओवेन याने वाचलं.

“मामा, हे कोण वाचणार?”

“तू वाचलंस ना?”

“मला तू बसवलंस म्हणून.”

पुढच्या शनिवारी दुपारी साडेचारला ओवेनच्या बहिणीच्या, फियोनाच्या लग्नाचं उंबराचं पाणी निघालं. लग्नाच्या आदल्या दिवशी गावच्या विहिरीचं पाणी वाजतगाजत घरी आणायचं आणि त्याने नवरीला आंघोळ घालायची, ही ईस्ट इंडियन घरांची रीत. माजिवड्याच्या मागच्या या गावठाणात विहीर एकच. आठ महिन्यांपूर्वी एका बिल्डरने ती निळ्या पत्र्यांच्या कुंपणात घेतली. जागा कोणाची, हे कोर्टात आहे. अर्ध्या तासापुरतं गेट उघडू, असा शब्द मिळाला होता. प्रत्यक्षात गेटला कुलूप होतं.

आतून रखवालदार दौलतने फटीला तोंड लावलं. “चावी साहेबांकडे. टँकर मागवा ना, पैसे मी देतो.”

“तुझ्या लग्नाला मागव,” ओवेन म्हणाला. त्याने दगड उचलला. तिसऱ्या घावाला कुलूप तुटलं.

आत दौलत धरून पाच जण होते. बँड पुढे चालतो, म्हणून पहिला फटका ट्रम्पेट वाजवणाऱ्या ब्रँडनला बसला. लोखंडी सळई तोंडावर आली तेव्हा ट्रम्पेट ओठांनाच होता. चार दात पडले आणि पितळी टोक टाळूत रुतलं. ओवेनने मारणाऱ्याच्या हातातून सळई हिसकावून त्याच्याच कोपरावर घातली. हाड मोडल्याचा आवाज मागच्या बायकांनाही आला. दुसरा फटका त्याने आणखी एकाच्या कानावर मारला. तो माणूस गुडघ्यांवर बसला आणि ओकायला लागला.

तेव्हा दौलतने केबिनच्या दारातून पहिली गोळी झाडली. ती ओवेनच्या डाव्या मांडीत गेली. लोकांना फटाका वाटला. ढोल आणखी दोन ठोके वाजत राहिला. दुसरी गोळी ओवेनच्या आईच्या, एडनाच्या कमरेवरच्या कळशीतून आरपार गेली. मग सगळे गेटकडे पळाले.

मॉरिस आतच राहिले. ते सिमेंट कालवायच्या मिक्सरमागे बसले होते. ओवेन विहिरीजवळ पडला होता, मध्ये बारा पावलांची मोकळी जागा. तो दोन्ही हातांनी मांडी दाबत होता आणि रक्त बोटांमधून उसळी मारून येत होतं. फियोना नर्स आहे. पत्र्यामागून तिने ते पाहिलं.

“मामा, मोठी नस गेलीय. तिथे पडून राहिला तर पाच मिनिटं पण नाहीत त्याला.”

तिसरी गोळी मिक्सरला लागली. ओवेन कोपरांवर सरकायला लागला, तशी चौथी आणि पाचवी त्याच्या बाजूच्या मातीत घुसली. मॉरिसचा अंगठा बोटांवर फिरत होता. सहावी विहिरीच्या कठड्यावर आपटली.

मॉरिस उठले. गुडघे धड नाहीत, त्यामुळे ते पळाले नाहीत, चालत गेले. सात पावलं झाली आणि सातवी गोळी त्यांच्या डाव्या कोपराचा चुरा करून गेली. आठवीने कानाची पाळी नेली. ते थांबले नाहीत. उजव्या हाताने त्यांनी ओवेनची कॉलर धरली आणि त्याला ओढत मिक्सरमागे आणलं. नववी आणि दहावी लोखंडावर वाजली. अकरावी झाडताना पिस्तूल अडकलं. दौलत ते खेचत उभा होता तेवढ्यात गेटमधून माणसं आत घुसली. पहिल्याने त्याला ढोलाच्या काठीने डोळ्यावर मारलं. पुढची सात मिनिटं ती मारहाण कोणीच थांबवली नाही. पोलिसांनी त्याला उचललं तेव्हा त्याचा जबडा आणि दोन्ही मनगटं मोडलेली होती. फियोना तेव्हा मिक्सरमागे होती. ओवेनचा पट्टा त्याच्याच मांडीला आवळून तिने गुडघा त्यावर रोवला होता.

लग्न पुढे ढकललं. ओवेनचा पाय वाचला. मॉरिसचा डावा हात कोपराच्या वरून काढावा लागला. सहाव्या दिवशी दोघांच्या खाटा एकाच वॉर्डात शेजारी आल्या.

“सातवी कुठून आली रे?” मॉरिसनी विचारलं.

“पिस्तुलात पंधरापर्यंत बसतात, मामा. शाळेतल्या पोरांना पण माहीत आहे.”

“सहा असतात.”

“तुझ्या त्या काऊबॉयच्या रिव्हॉल्वरमध्ये. दीडशे वर्षांपूर्वी.”

उरलेल्या हाताने मॉरिसनी चादर नीट केली.

“पंधरा असतात हे माहीत असतं,” ओवेन म्हणाला, “तर आला असतास?”

दोन खाटांच्या मध्ये स्टुलावर एडना मोसंबी सोलत बसली होती. तिचा हात थांबला.

“नसतो आलो.”

ओवेन छताकडे बघत राहिला. “मग बरं झालं,” तो म्हणाला.

एडनाने मोसंबीची पहिली फोड काढली, बी टाकलं आणि ती भावाच्या तोंडात दिली.