टबमधलं घर

जपानमधल्या त्सुकुबापासून समुद्र लांब, म्हणून इथे आल्यापासून अबोलीने वादळाची फिकीर अशी कधी केलीच नव्हती. वादळं यायची, खिडक्या खडखडवून निघून जायची. यंदाचं मात्र सरळ अंगावर येणार, असं टीव्हीवर सकाळपासून सांगत होते. खालच्या मजल्यावरच्या इशिझुका आजी तर मुद्दाम जिना चढून आल्या.

"वीज गेली की पंप बंद, पंप बंद की नळ कोरडे. टब भरून ठेव, अबोली-सान. संडासात ओतायला तरी होईल."

अबोलीला पटलं. संशोधन संस्थेत ती बियाणं थंडीत जपून ठेवायचं काम करायची. वीज जाणारच, असं धरूनच तिथे सगळं बेतलेलं असे. तिने बॅटऱ्या तपासल्या, छोट्या शेगडीसाठी गॅसचे डबे आणले, भात करून ठेवला. राहिला टब.

या घरात टब कधी भरलाच नव्हता. ती आणि तिचा नवरा सत्यजित पुण्यातल्यासारखेच बादली-तांब्या घेऊन फरशीवर अंघोळ करत. कोरडा टब अडीच वर्षांच्या जुईने बळकावला होता. त्यात तिची भातुकली, कापडी ससा आणि एक उशी. पाळणाघरात शिकलेल्या शब्दात ती त्याला 'ओउची' म्हणायची, म्हणजे घर. बादली पालथी घालायची, तिच्यावर चढायचं, की आत. बाहेरून कोणी "जुई घरी आहे का?" म्हटलं, की आतून ठरलेलं उत्तर येई, "जुई घरी नाहीये!"

अबोलीने खेळणी टोपलीत काढली, टब घासला आणि भिंतीवरचं बटण दाबलं. पाणी आपोआप भरू लागलं.

दारात जुई उभी होती. "माझी ओउची?"

"उद्या परत देते हं. आज तिथे पाणी राहणार आहे."

जुईने शहाण्यासारखी मान डोलावली आणि हॉलमध्ये चित्रं काढायला जाऊन बसली. अबोली बाल्कनीत गेली. कपडे वाळत घालायचा लांब दांडा वाऱ्याने उडू नये म्हणून खाली काढायचा होता, कुंड्या आत घ्यायच्या होत्या.

दांडा बांधत असताना घरातून बारीक, घंटीसारखं गाणं वाजलं. मागोमाग एका बाईचा गोड आवाज: टब भरला आहे. यंत्र असं गातं, हे अबोलीला माहीतच नव्हतं. चला, एक काम झालं, असं म्हणत तिने दुसरी गाठ मारली.

गाणं जुईनेही ऐकलं होतं. ते तिच्या घरातून येत होतं.

कुंडी घेऊन अबोली आत आली तेव्हा चित्रांपाशी कोणी नव्हतं.

"जुई?"

उत्तर नाही. लपली असेल. अबोलीने हसतच आवाज चढवला, "जुई घरी आहे का?"

काहीच नाही.

कुंडी हातातून कधी सुटली ते तिला कळलं नाही. बाथरूमच्या दाराला वर कडी होती. ती लावायची गरज आजवर पडली नव्हती. बादली पालथी होती. पाण्यावर पिवळा फ्रॉक फुगून आला होता. आणि आवाज नव्हता, कसलाच. बुडणारं माणूस हातपाय झाडतं, ओरडतं, असं अबोली धरून चालली होती.

तिने फ्रॉकला धरून ओढलं, पोर पालथी केली, पाठीवर थापा मारल्या. जुईने पाणी ओकलं, खोकली, आणि मग किंचाळली.

कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी छाती तपासली. लगेच बाहेर काढलंत म्हणून वाचली, असं म्हणाले. श्वासावर लक्ष ठेवा, खोकला वाढला तर वादळ असलं तरी ॲम्ब्युलन्स बोलवा. घरी येऊन अबोलीने जुईला कडेवर घेऊनच टबचं बूच उपसलं. शेवटचं पाणी गुरगुरत जाईपर्यंत ती तिथून हलली नाही.

गाड्या बंद व्हायच्या आत सत्यजित भिजून पोचला.

"अगं, कुंडी कुणी फोडली? आणि हे काय, टब रिकामाच? पीएच.डी. झाली बाई, आणि एक बटण दाबता येईना! इशिझुका आजी कान पकडणार हं तुझा."

अबोलीने मांडीवरच्या जुईला आणखी जवळ ओढलं.

"बाबा," मांडीवरून जुई म्हणाली, "माझ्या ओउचीत पाणी आलं."

"आलं का? कुठनं आलं?"

"आईने सोडलं."

सत्यजितचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं. त्याने जुईचे ओले केस पाहिले. मग अबोलीच्या खांद्यापर्यंत भिजलेल्या बाह्या. तो ओल्या मोज्यांसकट तिथेच जमिनीवर बसला.

बाहेर वारा भिंतीवर आदळला आणि दिवे गेले. नळाला पाणी आहे का, हे बघायला कोणी उठलं नाही. अंधारात अबोलीने तळहात जुईच्या छातीवर ठेवला. तो वर जाई, खाली येई. तेवढ्यात सत्यजितचा हात चाचपडत आला आणि तिच्या हातावर थांबला.