पहारीचं वजन

आमचा व्हिडिओ-खेळ लोकांच्या हातात पडला तेव्हा सडबरी या आमच्या खाणींच्या गावातली तळी नुकतीच गोठायला लागली होती. "खाणीखालचं तळं" हे त्याचं नाव. सोलांज शार्त्रांने त्यातलं जग उभं केलं, एरो रौतिओने लढाया रचल्या, आणि आवाज सगळे माझे. बंद पडलेल्या चपलांच्या दुकानावरच्या एका खोलीत आम्ही तिघांनी चार वर्षं काढली होती.

खेळ असा, की एक बाई पाण्याने भरलेल्या जुन्या खाणीत उतरते. एका हातात दिवा, दुसऱ्या हातात पहार. नकाशा मिळत नाही, इकडे जा म्हणून सांगणारा बाण नाही. भिंतीवर खडूने खुणा करायच्या आणि आपल्या हिमतीवर पुढे सरकायचं. मधेमधे दगडातून निघालेले प्राणी अंगावर येतात, त्यांच्याशी पहारीने लढायचं.

पहिलं मोठं परीक्षण टोरांटोच्या डोरियन पेलने लिहिलं. हा माणूस कुणाला फुकट डोक्यावर घेत नाही, म्हणून त्याच्या शब्दाला किंमत. सोलांजने ते आम्हाला उभ्याउभ्याच वाचून दाखवलं.

"ज्याला वाट चुकायला आवडतं त्याने हा खेळ घ्यावाच. प्रत्येक वळणापलीकडे काहीतरी आहे आणि ते कुणी बोट धरून दाखवत नाही. पांढऱ्या तळ्यापाशी पोचलो तेव्हा मी खेळायचं थांबून नुसता बघत बसलो." इथवर तिचा आवाज चढता होता. पुढे तो उतरला. "पण लढाई सुरू झाली की वाटतं, आपल्याला ओल्या गोधडीत गुंडाळून कुस्तीला उतरवलंय. प्राणी मोजून चार तऱ्हेचे, बाकी सगळे त्यांचेच रंगवलेले भाऊ. मेलात की लांबून पायपीट. पिशवीतली वस्तू शोधेपर्यंत समोरचा तुम्हाला खाऊन ढेकर देतो. गुहांसाठी जा, पहार सोसा."

मग सोलांज म्हणाली, "मी याला उत्तर लिहिते. चांगलं झणझणीत."

"काय लिहिशील?" एरोने विचारलं.

"लिहीन की बाबा रे, तुला खेळताच येत नाही."

"येतं त्याला. तो शेवटापर्यंत गेलाय." एरो खुर्चीत तसाच बसून होता. "पिशवीचं खरं आहे. रंगवलेल्या भावांचंही खरं आहे. पण पहार जड आहे ती मी मुद्दाम केलीये. लोखंड आहे ते, फुंकणी नाही."

एरोचे वडील खाणीत छताचे सुटे दगड पहारीने पाडायचं काम करत. त्या कामाने त्यांचे खांदे कायमचे वाकले होते. ते गेल्यावर एरोने हा खेळ करायला घेतला. पहार हलकी करणं म्हणजे त्याला वडिलांचं काम हलकं केल्यासारखं वाटायचं. हे तो कधी बोलला नाही, पण आम्हाला ठाऊक होतं.

सोलांजने एक सोपा उपाय सुचवला. "एक बटण ठेवू. ज्याला लढायचं नाही त्याने लढाया बंद कराव्यात आणि नुसतं हिंडावं."

"आणि माझी चार वर्षं?"

"एरो, तसं नाही रे म्हणत मी."

"मग कसं म्हणतेस?" तो उठला, कोट चढवला आणि निघून गेला. चार वर्षांत तो पहिल्यांदा असा गेला.

रविवारी त्याच्या आईने, कारिनाबाईंनी, आम्हा दोघींना जेवायला बोलावलं. एरोने सांगितलं होतं की नाही कोण जाणे. गेलो तर तो अंगणात सौनासाठी, म्हणजे घाम काढायच्या वाफेच्या खोलीसाठी, लाकडं फोडत होता. आम्हाला बघून मान हलवली, इतकंच. घरात वेलदोड्याच्या पावाचा वास भरला होता, आणि कारिनाबाई टीव्हीसमोर आमचाच खेळ खेळत बसल्या होत्या. शाळेच्या कचेरीतून निवृत्त झालेली ही बाई पत्त्यांपलीकडे कधी कसला खेळ खेळली नव्हती.

"बसा गं. मी आत्ता कुठे त्या पांढऱ्या तळ्यापाशी आलेय," त्या म्हणाल्या.

सोलांज चमकली. "तिथे? आणि तळ्याच्या दारावरचा तो दगडी राखणदार? त्याला मारलंत?"

"छे. तो अंगावर आला की मी पळते. तू पळायला जागा भरपूर ठेवलीयेस. पाणी उपसायच्या जुन्या रुंद नळातून वाकून गेले, निघाले पलीकडे."

सोलांजचा चेहरा उजळला. तो नळ तिनेच उघडा ठेवला होता, कुणाला सापडेल अशी फारशी आशा न धरता. "मी सांगितलं होतं ना, लोक शोधतात," ती माझ्या कानात म्हणाली.

एवढ्यात एरो लाकडांचा भारा घेऊन आत आला. "आई, एकदा लढून बघ त्याच्याशी."

"मला नाही जमत रे. मी म्हातारी."

"बघ तर खरं."

कारिनाबाई खेळात मागे फिरल्या. राखणदाराने हात उगारला, त्यांनी बटण दाबलं, आणि तरी मार बसला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा एरो गुडघ्यांवर खाली बसला आणि टीव्हीकडे पाठ करून आईच्या अंगठ्याकडे बघायला लागला.

"बघ, उशीर होतो माझा," त्या म्हणाल्या.

"तुझा नाही होत," एरो म्हणाला. "तू वेळेवर दाबतेस. पहार उशिरा उठते."

"पण जड आहे ना ती?"

"बाबांची पहार जड होती. पण त्यांनी मनात आणलं की ती उठायची. नाहीतर दगड डोक्यात बसला असता त्यांच्या."

हे बोलून तो उठला. मग आमच्याकडे वळून म्हणाला, "मी वजन चुकीच्या जागी घातलंय."

त्या दिवशी सौनात आम्ही चौघं घामाघूम होत वादावादी करत बसलो. कारिनाबाई निखाऱ्यांवरच्या दगडांवर पाणी ओतत म्हणाल्या, "भांडा, पण दार लावून भांडा, वाफ जाते." ठरलं ते असं: पहार बोटाबरोबर उठली पाहिजे, आणि तरी हातात लोखंड आहे असं वाटलं पाहिजे.

"ते वाटायला लावणं ओडेटचं काम," एरो माझ्याकडे बघून म्हणाला.

कधी नव्हे ते आवाजावर एवढं ओझं आलं होतं. तोवर मी पहारीला जो आवाज दिला होता तो एका डब्यावर चमचा आपटून काढलेला होता. मी एका भंगारवाल्याकडून खरी पहार मागून आणली, शहराबाहेरच्या काळ्या खडकांवर गेले आणि हात सुन्न होईपर्यंत दगडावर आपटत राहिले. लोखंड दगडावर बसलं की आधी टणकन वाजतं, आणि मग एक बारीक थरथर उरते ती मनगटातून खांद्यापर्यंत चढते. ती थरथर मला हवी होती.

एरोने निम्म्याहून जास्त प्राणी काढून टाकले. रंगवलेले सगळे भाऊ गेले. स्वतःच्या हाताने केलेलं काम तो एकेक करून पुसत होता. सोलांजला ते बघवेना. "हा तरी राहू दे, हा छान होता," ती म्हणायची. "छान होता, पण आधीच्यासारखाच होता," तो म्हणायचा. उरलेल्यांतला प्रत्येक जण वेगळ्या चालीने लढायला लागला. सोलांजने प्रत्येक राखणदाराच्या जवळ एक चोरवाट आणली, म्हणजे मेल्यावर पायपीट नको. लढाया बंद करायच्या बटणाची आठवण मग कुणी काढली नाही.

मी नवा आवाज बसवला त्या सकाळी एरोने खेळ सुरू करून एकच घाव घातला. पडद्यावरची पहार क्षणात उठली आणि दगडावर बसली. त्याने बटणावरचं बोट काढलं. "हां," म्हणाला, "आता बाबांची झाली." आणि तोंड धुवायला गेला, तो बराच वेळ आला नाही.

वसंतात आम्ही सुधारलेला खेळ सगळ्यांना दिला, आणि टोरांटोला नव्या खेळांच्या मेळ्यात एक टेबल मांडलं. दुसऱ्या दिवशी डोरियन पेल स्वतः आला. उंच, वाकलेला माणूस. सोलांजने त्याला नुसतं नमस्कारापुरतं हसून दाखवलं. तो बसला, राखणदाराकडून मेला, पुन्हा उठला, पुन्हा मेला. मागे रांग लागली तरी उठेना. शेवटी जिंकला तेव्हा खुर्चीला टेकून म्हणाला, "आता मार खाल्ला तरी चूक माझी असते. आधी तुमची असायची."

"खरं आहे," एरो म्हणाला.

"पण तुमची पिशवी अजून माझ्या बायकोच्या पर्ससारखी आहे. आणि अरुंद बोळात भिंतच तेवढी दिसते, माणूस दिसत नाही."

"दोन्ही खरं आहे."

पेल हसला. "तुम्ही भांडत का नाही?"

"भांडायला ही आहे ना," एरोने सोलांजकडे बोट दाखवलं, आणि सोलांज लगेच सरसावली, "पिशवीचं बोला, पण तुमच्या बायकोच्या पर्समध्ये सगळं असतं की नाही? मग?"

मेळ्याचं बक्षीस दुसऱ्याच एका खेळाला मिळालं. तो देखणा होता, आणि त्यात ठिकठिकाणी बाण होते. आम्ही टाळ्या वाजवल्या. परत येताना गाडी एरो चालवत होता. वाटेत एका धाब्यावर थांबलो, चीझ आणि रस्सा घातलेले बटाटे मागवले. वाढायला आलेल्या मुलीने आमच्या सदऱ्यावरचं खेळाचं चित्र बघून विचारलं, "हा कुठला खेळ? कुणी केला?"

एरो एरवी लाजरा. सोलांज बोलेल म्हणून मी तिच्याकडे बघितलं, पण त्याआधीच तो ताठ बसला आणि म्हणाला, "आम्ही. सडबरीचे आहोत आम्ही. गुहा हिच्या, आवाज हिचे, आणि मारामारी माझी."