तिसऱ्या रविवारची हरकत

माझं नाव मार्था. बायबलातली मार्था घरकामात बुडालेली, आणि तिची बहीण प्रभूच्या पायाशी निवांत बसलेली. मला बहीण नव्हती आणि निवांत बसायला वेळही नव्हता. आई गेली तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. तेव्हापासून बोथजवळच्या आमच्या गावात बाबांच्या दोन वेळच्या भाकरी मी थापल्या, आणि थापता थापता चौतिशी गाठली.

बाबांचं नाव भिवाजी. ते आमच्या मंडळीचे, म्हणजे चर्चला येणाऱ्या लोकांचे, पंच. पाळकसाहेब यशवंतराव, आमचे धर्मगुरू, बोथला राहायचे आणि पाच गावं सांभाळायचे. त्यामुळे चर्चची किल्ली, घंटा आणि गावात कोण किती देवभीरू आहे याचा निकाल, हे सगळं बाबांकडे. माझी स्थळंही याच निकालात निघाली. पहिल्या मुलाच्या घरी टीव्ही होता. दुसरा नाताळ आणि ईस्टर सोडून चर्चची पायरी चढत नव्हता. तिसरा मास्तर होता, नेमानं उपासनेला जायचा, गळाही गोड. तर त्याचा भाऊ म्हणे दारू पितो. "असल्या घरात पोरगी देऊ का मी?" बाबा ओसरीवर बसून विचारायचे, आणि मी आत चुलीत काटक्या सारायची. पुढं पुढं लोकांनी विचारणंच सोडलं.

बाबांची तक्रार अगदीच खोटी होती असं नाही. त्यांच्या लहानपणी रविवारी बाकं भरून लोक बाहेर ओट्यावर बसायचे म्हणे. सत्त्याऐंशी साली गावात पहिला टीव्ही आला आणि रविवारी सकाळी अर्धी मंडळी त्याच्यापुढं मांडी घालून बसू लागली. पोरं मंचेरियलच्या कोळसा खाणीत लागली, तिथं रविवारची पाळी कोणी सोडत नव्हतं. कोणी राखीव नोकरीसाठी कागदावर धर्म दुसरा लिहिला, आणि मग कागदाला जपायला म्हणून चर्चच्या रस्त्यानं जाणंही टाळू लागला. शेवटी आम्ही मोजके लोक उरलो. मी ढोलक वाजवायची, बाबा झांज, आणि बाबांची थोरली बहीण मालनआत्या बेसूर पण खणखणीत गायची. मला त्या मोजक्या लोकांत कधी कमी वाटलं नाही. बाबांना मात्र रिकामी बाकं टोचायची, आणि घरी येऊन त्याचा राग माझ्या कालवणावर निघायचा.

नव्याण्णवच्या पावसाळ्यात शेजारच्या इचोड्याला एक जीप आली. टपावर दोन भोंगे. कापसाच्या बाजारामागच्या मैदानात तीन दिवस सभा झाली. जीपवाल्या भाऊंकडे कापडी तक्ता होता, रंगीत. त्यावर सात कर्णे, सात डोक्यांचं श्वापद, आगीचं तळं, आणि सगळ्यात शेवटी तारीख. एकतीस डिसेंबर. भूकंप झाले, लढाया झाल्या, माणसांची प्रीती थंडावली, सगळ्या खुणा पुऱ्या झाल्या, प्रभू परत येणार, दोन हजार साल उजाडणार नाही, असं भाऊ भोंग्यातून ओरडून सांगत होते. हायवेवरचे ट्रकवाले हॉर्न वाजवत होते, ते वेगळंच.

बाबा तसाच एक तक्ता घेऊन घरी आले आणि तो त्यांनी चुलीवरच्या भिंतीला ठोकला. आता मी भाकर थापायची तर ती सात डोकी वरून माझ्याकडे बघत बसायची.

"दिवस आन् घटका कोनालेच ठाव नाही, असं खुद्द प्रभू म्हनते," मालनआत्यानं भावाला सुनावलं.

"दिवस-घटका नसंन ठाव," बाबा म्हणाले. "साल तं ठाव होऊ शकते ना?"

यावर आत्यानं कपाळाला हात लावला आणि चहा मागितला.

आणि चर्च भरलं! जे लोक दहा-बारा वर्षांत पाळकसाहेबांच्या विनवण्यांना बधले नाहीत, ते एका कापडाच्या तुकड्याला भिऊन धावत आले. टीव्हीवाले आले, कागदवाले आले. शाळेतून बाकं आणावी लागली. बाबांचा चेहरा फुलला होता. मला मात्र राग येत होता, आणि तो मी लपवत नव्हते. एखादी बाई शेजारी गुडघ्यावर बसून हुंदके देत असायची आणि मला कळायचं की ती देवाशी बोलत नाहीये, जळायला नको म्हणून गयावया करतेय. ज्याच्यावर माया आहे त्याच्याकडे माणूस असं येत नाही. जप्तीला आलेल्या अंमलदारासमोर असं उभं राहतात.

पोळा झाल्यावर मालनआत्यानं मोतीरामचं स्थळ आणलं. मंचेरियलच्या खाणीत कामाला. बायको वारलेली, मूलबाळ नाही. घराणं आमच्याच मंडळीतलं, पण हा माणूस नऊ वर्षांत चर्चमध्ये दिसला नव्हता. म्हणजे बाबांच्या निकालात साफ नापास. मी पदर खोचून भांडायच्या तयारीनंच दाराआड उभी होते.

"बरं हाय," बाबा म्हणाले. "करू."

आत्याला चहाचा ठसका लागला.

"पन घाई नको," बाबा पुढं म्हणाले. "नव्या सालात करू. जानेवारीची पाच तारीख धरा."

मोतीरामला जानेवारीत रजा मिळत होती, त्यामुळे त्यानंही हो म्हटलं. त्या संध्याकाळी मी शिरा केला. बाबांनी दोनदा मागून घेतला. इतके खुशीत ते घरात कितीतरी दिवसांत दिसले नव्हते, आणि मला वाटलं, पोरीचं भलं होतंय म्हणून बाप खूश आहे. मी किती भोळी होते!

दिवाळीनंतर मी लुगड्यांचं बोलले, मांडवाचं बोलले, तर बाबा नुसते हसायचे. "पाहू ना. काय घाई हाय?" एकदा भाकर उलटताना माझी नजर वर तक्त्याकडे गेली. एकतीस डिसेंबर. त्याच्या पुढं कापडच संपलं होतं. आणि माझं लग्न पाच जानेवारीला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाबांनी मला हो म्हटलंच नव्हतं. माझं लग्न त्यांनी जगाच्या पलीकडे नेऊन ठेवलं होतं, आणि तिथं ते होणार नाही म्हणून शिरा गोड लागला होता. त्या दिवशी माझ्या हातून भाकर करपली आणि मी ती तशीच वाढली.

पण मी काही बोलले नाही. म्हटलं, तारीख दिली आहे ना? मग झालं. जग बुडायचं तर बुडेल, नाही बुडलं तर मी पाचला बोहल्यावर.

आमच्यात लग्नाआधी तीन रविवार भर उपासनेत नवरा-नवरीची नावं वाचतात. पाळक विचारतात, "या दोघांचं लग्न होऊ नये असं कारण कोणाला ठाऊक असेल, तर त्यानं आता सांगावं." सहसा कोणी सांगत नाही. पोरं खिदळतात, नवरी लाजते आणि पुढचं गीत सुरू होतं. पण कोणी हरकत घेतली तर वाचन तिथंच थांबतं, आणि हरकत खरी ठरली तर लग्न राहतं.

बारा डिसेंबरला पहिल्यांदा नावं वाचली. बाबा डोळे मिटून स्वस्थ बसले होते. एकोणीसला दुसऱ्यांदा वाचली. या वेळी बाबांचे डोळे उघडे होते आणि ते झांज उगाच हातात फिरवत होते. तिसरं वाचन आलं नाताळच्या दुसऱ्या दिवशी. चर्चमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. मोतीरामही पाळी बदलून आला होता, सगळ्यात मागच्या बाकावर, नवा शर्ट घालून. पाळकसाहेबांनी नावं वाचली, नेहमीचा प्रश्न विचारला आणि गीताचं पान उघडायला घेतलं.

"हरकत हाय," बाबा म्हणाले.

पाळकसाहेबांनी चष्मा काढला. "भिवाजी, तुमची? कारण सांगा."

"कारन काय इचारता, पाळकसाहेब? पाच दिवस उरले. धनी दाराशी येऊन राह्यला, अन् आपन मांडव घालून राह्यलो! अन् नवरदेव कोन? नऊ वर्सं चर्चचं तोंड न पाह्यलेला. ना थंड, ना गरम. कोमट! कोमट मानसाले प्रभू तोंडातून थुकून टाकीन, असं लिवलं हाय."

पुरुषांच्या बाजूनं हुंकार उठला. पाळकसाहेबांनी मागं पाहिलं. मोतीराम उभा राहिला.

"काय म्हणता, मोतीराम? विश्वास आहे का तुमचा?"

"साहेब, किती हाय ते मले नाही सांगता येत," तो म्हणाला. "पन खानीत उतराचा पिंजरा खाली जाते ना, तवा मी दर पाळीले 'हे आमच्या बापा'ची प्रार्थना म्हनतो. अर्धंच होते. 'रोजची भाकर आज आमाले दे' इथवर येतो, अन् पिंजरा तळाले टेकते. मंग कामाले लागतो."

एवढं बोलून तो बसला. मला तो माणूस त्या क्षणी आवडला. आधी मी नुसती लग्नाला तयार होते.

पण लोक कुजबुजू लागले होते. "पाच दिवसांनी काय बिघडते? थांबा ना." "पंच म्हनते ते बराबर हाय." पाळकसाहेब बोटानं टेबल वाजवत विचारात पडले. मला समोर सगळं दिसत होतं. आज वाचन थांबलं की पुन्हा पहिल्यापासून तीन रविवार. तोवर मोतीरामची रजा गेलेली. एकतीस तारीख सुनी गेली तर जीपवाले भाऊ नवा तक्ता आणणार, आणि मी नव्या तक्त्याखाली भाकरी थापणार, केस पांढरे होईपर्यंत.

आमच्या चर्चमध्ये बायका विचारल्याशिवाय बोलत नाहीत. मी उठले.

"बाबा, पाच तारीख कोनं धरली होती?"

"मार्था, बस खाली."

"कोनं धरली?"

"मी धरली."

"काऊन धरली? तुमच्या तक्त्यात तं एकतीसले सारं संपते. मंग लग्न पाचले काऊन ठेवलं? ते व्हनारच नाही म्हनून ना?"

आत्यानं माझा पदर ओढला. मी सोडवून घेतला.

"ठेवलं तं ठेवलं. पन मंग आज काऊन उठले, बाबा? पाच दिवस गप बसले असते तं झालं असतं! प्रभू आला असता, लग्न आपोआप मोडलं असतं. तुमचा जर त्या तारखेवर इस्वास हाय, तं तुमाले हरकत घ्याची गरज काऊन पडली? इस्वास नाही तुमचा. या चर्चात कोमट कोन असंन तं तुमी हाय!"

बापाला असं चारचौघांत बोलू नये हे मला कळतं. पण मला पंधरा वर्षं देवाच्या नावानं चुलीपुढं बसवलं होतं, आणि तो देव माझाही होता. चर्च मी झाडत होते, पोरांना गीतं मी शिकवत होते. माझ्या देवाचा कुलूप म्हणून वापर केलेला मला खपणार नव्हता.

बाबा उभेच होते. त्यांच्या तोंडावरचा पंच उतरला आणि मागं एक म्हातारा उरला.

"अन् नाही आला तं?" ते म्हणाले. आवाज इतका बारीक की मागच्यांनी माना पुढं काढल्या. "मार्था, प्रभू नाही आला तं? एकतीस गेली, पाच गेली. सहा तारखेले मी सकाळी उठीन अन् घरात कोनीच नसंन. मले भेव वाटते व पोरी."

पाय मी घट्ट रोवून ठेवले.

"भेव वाटते तं भेव वाटते म्हना, बाबा," मी म्हणाले. "पह्यल्या स्थळाच्याच येळी म्हनाचं होतं. देवाले काऊन मधात घातलं?"

त्या क्षणी त्या भरलेल्या चर्चमध्ये एकतीस डिसेंबर कोणाच्याच डोक्यात नव्हता असं मला वाटतं. प्रत्येकजण आपल्या घरातल्या कोणाचा तरी विचार करत होता.

"भिवाजी," पाळकसाहेब हळू म्हणाले, "बाप एकटा पडेल, हे लग्न अडवायचं कारण होत नाही. हरकत मागं घेता?"

बाबांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. मग म्हणाले, "घेतो."

ते बाकावर बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलत होते. पाळकसाहेबांनी आमची नावं पुन्हा पहिल्यापासून वाचली, माझं आणि मोतीरामचं, आणि तिसरं वाचन पुरं झालं. बायकांनी पाय आवरून मला वाट करून दिली. आत्या डोळे पुसत म्हणाली, "जा ना बाई, जवळ जा त्याच्या. बाप हाय तो."

मी जागची हलले नाही. जवळ गेले असते, तर त्या घरातच राहिले असते.