दुपारचा बंद माग

खुशबूचा एम.ए.चा प्रबंध लिहून व्हावा म्हणून तिच्या बापानं, भैय्यालालनं, दुपारचा हातमाग बंद ठेवला होता. "पोरगी लिहून राहिली, खटखटीनं तिचं डोकं उठते," असं तो कौतुकानं पवनी गावभर सांगे. आणि आत खुशबू काय करी, तर लॅपटॉपवर शीर्षकाची अक्षरं लहान-मोठी करत बसे. लहानपणापासून हुशार म्हणून गाजलेली ती. लिहिलं की आपली हुशारी किती पोकळ ते उघडं पडेल, हीच तिची धास्ती.

आज बाप दारात आला. "झालं का वं बेटा? गिऱ्हाइकाची लग्नाची साडी अडून आहे. माग सुरू करू का?"

शरमेनं तिची मान वर होईना. "थोडंच राहिलं, बाबा."

"मंग लिही तू," तो म्हणाला, आणि आवाज नको म्हणून चपला हातात घेऊन अंगणात गेला.