पंज्याखालची पट्टी

धाड!

पंजा पाठीवर बसला की लॉन्ड्रीची पत्र्याची भिंत दणाणायची आणि अंगणातली गर्दी एका घशानं ओरडायची, "उतरलं!"

पंजेवाले बाबा बाकावर उभे. समोर रांग. रांग कसली, झोंबाझोंबी! कोपराला कोपर, शिवीला शिवी. एका ड्रायव्हरचं नाक फुटलं होतं. तो बाहीनं रक्त पुसत होता, पण जागा सोडत नव्हता.

"ना गोळी गिळायची, ना सुई टोचायची!" बाबा गरजले. "आज मार, उद्या दुखणं पार! दुखणं चोर आहे, बाळांनो. चोराला विनवण्या कसल्या? रट्टाच हवा!"

धाड! आणि त्यावर लगेच काळा लेप, बोटभर जाड. "तीन दिवस पाणी नको, नख नको. उकरलंत तर गेलेलं दुखणं सात भावंडं घेऊन परत येईल."

"मग स्वतःच्या गुडघ्यावर मारून घ्या की," मागून आवाज आला. "लंगडताय चांगले."

ही सिस्टर. मोठ्या दवाखान्यात, मरणाच्या उंबऱ्यावरच्या रोग्यांच्या वॉर्डात तिची नोकरी. कामाची पाळी संपवून ती आईला न्यायला आली होती.

"जीभ आवर गं," लॉन्ड्रीत कपड्यांच्या घड्या घालणारी घडीवाली फिस्कारली. "तुझी आई बघ. वीस वर्षं कण्हत होती, काल गात होती."

ते मात्र खरं. वीस वर्षं लॉन्ड्रीतल्या प्रेसवर वाकून आईची पाठ कमान झालेली. काल ती मोरीत उभी राहून म्हणत होती:

भार वाहिला गं बाई, पाठीचा झाला घाट
आज घाटात उतरली कापसाची पहाट

लेकीनं वीस वर्षं तेल चोळलं, पण असं गाणं कधी उमटलं नव्हतं.

"कुठंय ती?"

"आत. पाठ शेकतेय."

लॉन्ड्रीची ही जुनी रीत. प्रेसमधून निघालेली चादर चौघडी करायची, वाफाळतीच पाठीखाली घ्यायची आणि जेवणाच्या सुट्टीभर पडायचं. आई तशीच पडली होती. ओठ जांभळे. सिस्टरनं पापणी उचलली. बुबुळातला काळा ठिपका टाचणीच्या टोकाएवढा. तिनं श्वास मोजला. एक. मग बराच वेळ काहीच नाही. मग दुसरा.

ही खूण तिच्या रोजच्या ओळखीची होती.

"अँब्युलन्स बोलवा!" ती किंचाळली. आईला कुशीवर वळवून तिनं लेपात नखं रोवली.

"समाधी लागलीय तिला!" बाबा दारात उभे. "कार्टी समाधी मोडतेय! धरा!"

लॉन्ड्रीच्या मुकादमानं तिच्या झिंज्या धरल्या. घडीवालीनं उजवं मनगट पिरगाळलं, कडकन आवाज झाला. कुणाचीतरी लाथ बरगडीत बसली. नाकातलं रक्त आईच्या पाठीवर ठिबकलं, लेप ओला झाला. सिस्टर मुकादमाच्या हाताला कडकडून चावली आणि डाव्या हातानं तिनं लेपाची ढलपी उपटली. ढलपीबरोबर एक पारदर्शक चौकोन उचकटून आला.

तिनं आईला उताणी केली आणि तोंडाला तोंड लावून फुंकलं. छाती वर आली. ती थांबली, छातीही थांबली. पुन्हा फुंकलं, पुन्हा वर आली. मारणारे हात हवेतच राहिले.

"ही समाधी?" ती रक्त थुंकली. "मग थांबू? सांगा मुकादमदादा, थांबू?"

मुकादमाचा चेहरा पांढराफटक पडला. "नको गं. फुंक तू." आणि तोच फोनकडे धावला.

डॉक्टरनं अँब्युलन्समधून उतरून उताऱ्याचं इंजेक्शन दिलं, तेव्हा आई डोळे फाडून ओरडली, "मेले गं, पाठ!"

इतकं गोड कण्हणं लेकीनं कधी ऐकलं नव्हतं.

मग तिनं तो चौकोन वर धरला. निळ्या पेनानं लिहिलं होतं: तारीख नऊ, खाट तीन.

"हे माझं अक्षर. तीन नंबरच्या आजोबांच्या छातीवर ही पट्टी मीच लावली होती. ज्याला गोळी गिळवत नाही, त्याच्या कातडीतून ही वेदनेवरचं जालीम औषध झिरपवते. तीन दिवस, थोडं थोडं. आजोबा गेले, पट्टी निघाली, पण औषध तिच्यात उरलं होतं. ती नष्ट करायला हवी होती. कचऱ्यात गेली, ती चूक आमची. तिथून ती या बाबाकडे आली. जुनी पट्टी चिकटत नाही, म्हणून रट्टा. दिसू नये, म्हणून लेप. वर तुमची गरम चादर. ऊब लागली की औषध भसाभस अंगात शिरतं आणि श्वासच झोपी जातो."

बाबा कुंपणाकडे लंगडत पळाले. त्यांना गर्दीनं खाली ओढलं, पहिला ठोसा त्या ड्रायव्हरचाच बसला.

"पुरे! त्याला पोलीस बघतील," सिस्टर ओरडली. "आधी पाठी बघा. आपला हात पोचत नाही अशीच जागा त्यानं निवडलीय. एकमेकांच्या काढा आणि सगळे दवाखान्यात चला."

रांग पुन्हा लागली. या वेळी कोपर लागलं नाही. मागच्याचा हात पुढच्याच्या पाठीवर. घडीवाली मान खाली घालून सिस्टरपुढे वळली.

"माझी काढशील?"

"डाव्या हातानं काढते. उजवा तू मोडलायस."

घडीवाली हुंदका देऊन हसली. "म्हणजे हे औषध वाईटच ना गं?"

"औषध चांगलंय. माप पाळणाऱ्याच्या हातात. कुणीही अंगाला काही लावलं तर विचारायचं: यात काय आहे, कुठून आणलंस? विचारल्यावर जो चिडेल, त्याच्यापुढे पाठ उघडी करायची नाही."