पडद्यामागच्या जोड्या

ज्या वर्षी दवाखान्याची यंत्रं सांभाळणाऱ्या मिस्त्रींच्या थोरल्या लेकीचं लग्न झालं, त्याच वर्षी त्यांनी मला बनवलं. मित्रांनो, मी एक जुनी केबल आहे. दवाखान्यात ऑपरेशनच्या खोलीतल्या सपाट पडद्याच्या पाठीत मी राहते. पोटाला बारीक भोकं पाडून आत कॅमेरा घालतात, तेव्हा डॉक्टर पोटाकडे नाही, पडद्याकडे बघतात. ते चित्र पडद्यापर्यंत पोहोचवायचं काम माझं.

माझ्यात वायरींच्या चार जोड्या आहेत. जोडीतली एक निरोप सुलटा नेते, दुसरी तोच उलटा. आजूबाजूच्या यंत्रांचा गोंगाट दोघींवर सारखाच पडतो. पडदा दोघींमधला फरक तेवढा वाचतो, म्हणून गोंगाट वजा होऊन जातो. मात्र त्यासाठी दोघी बिलगून हव्यात. म्हणून मिस्त्रींनी प्रत्येक जोडीला पीळ घातला होता.

सात वर्षं कुणी माझं नाव काढलं नाही. शाबासकी कॅमेऱ्याला मिळे.

पुढे मिस्त्रींचे हात कापू लागले आणि काम धाकट्या लेकीकडे आलं. माझं टोक सैल झालं होतं. तिने नवं बसवलं आणि जाता जाता सगळे पीळ सोडून वायरी सरळ मांडल्या.

"काय गुंता करून ठेवलाय बाबांनी!" ती म्हणाली.

चित्र झकास आलं. पण रक्त थांबवायला डॉक्टर विजेच्या ज्या यंत्राने शीर जाळतात, ते तिने चालू करून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी टेबलावर तिचीच आई होती.

आत रक्त दिसलं. डॉक्टरीणबाईंनी विजेचं यंत्र लावलं आणि पडदाभर पांढरे पट्टे उठले. यंत्र बंद केलं, चित्र परत आलं. पुन्हा लावलं, पुन्हा पट्टे. त्यांनी शीर चिमट्यात धरली.

"असं आंधळ्यासारखं जाळू कशी? बोलवा त्या पोरीला!"

लेक मास्क बांधून धावत आली. बाहेर थांबलेल्या मिस्त्रींनी दारातून विचारलं, "पीळ ठेवलेस ना गं?"

"सोडले, बाबा."

मिस्त्री म्हणाले, "मग घाल. रडायचं ते नंतर रड."

"दहा मिनिटं पडदा बंद ठेवावा लागेल," ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली.

"मी हात हलवत नाही. अकरावं मिनिट लागलं, तर पोट उघडणार."

पडदा काळा झाला. लेक टोकातून एकेक वायर उपसत होती, जोडी लावून पिळत होती. तिची बोटं घामाने निसटत होती.

"सहा झाली," नर्स म्हणाली.

तिसऱ्या जोडीत वायरीचा रंग चुकला. तिने ती परत सोडली.

"नऊ."

टोक खटकन बसलं. पडदा उजळला, विजेचं यंत्र लागलं. गोंगाट आला तसा गेला. शीर स्वच्छ दिसत होती.

"थांबलं रक्त," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. लेक भिंतीला टेकून खालीच बसली.

मित्रांनो, कुणाच्या हातचं जुनं काम गबाळं वाटलं, तर ते नीट करायच्या आधी त्याला विचारा. विचारायला माणूस आहे तोवर विचारा.

आई बरी झाली. मिस्त्री पुढच्या वर्षी, नोव्हेंबरच्या सहा तारखेला सकाळी वारले.